पाळीला विचारून घेतलेले टायर

टायरबुवांना माणसाचा चेहरा लवकर आठवत नसे. दुकानासमोर गाडी थांबली की ते आधी पुढच्या चाकाशी उकिडवे बसत, उजव्या हाताचा तळवा टायरवर ठेवत, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवत, आणि मग मान वर करून म्हणत, "हं, तुमी होय!" एकदा एक बडे साहेब सरकारी गाडीतून उतरले आणि नमस्कारासाठी हात जोडून उभे राहिले. बुवा आपले खाली चाकाशी. साहेब तसेच हात जोडून. बऱ्याच वेळाने बुवा उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा डायवर वळणावर लगीत घाई करते. टायरचा डावा काठ खाऊन टाकला त्यानं." साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं आणि ड्रायव्हरने आभाळाकडे.

त्यांचं दुकान सडक अर्जुनीला, हायवेच्या कडेला, दोन ढाब्यांच्या मधोमध होतं. पत्र्याचं शेड, समोर एक कडुनिंब, आणि निंबाखाली ट्रॅक्टरचा मोठा टायर आडवा कापून केलेलं पाण्याचं टाकं. त्यात पंक्चरची ट्यूबही बुडायची आणि ढाब्यावरच्या कोंबड्याही येऊन पाणी पिऊन जायच्या. दुकानाला नावाची पाटी नव्हती. रायपूरकडून येणारे ट्रकवालेसुद्धा "टायरबुवा के यहाँ रुकेंगे" असं म्हणायचे, मग पाटी लावायची कशाला?

मी मात्र त्यांना टायरबुवा कधी म्हटलं नाही. ते मूळचे माझ्या सासरच्या गावचे. गावच्या नात्याने सासरे लागायचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणे आणि ते मला सूनबाई. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर नीट करायचा आणि मग त्याच पदराने हात पुसून गाडीचा जॅक लावायचा, अशी आमची तऱ्हा होती. येणारे-जाणारे बघत राहायचे. मामाजींना त्यात काही वेगळं वाटत नसे.

आमच्या घरात गाडी मी चालवते. हे ऐकून लोक दोनदा विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. माझा नवरा पाण्यावरचा माणूस. डोंग्यात बसला की तलावाचा राजा. स्टिअरिंगसमोर बसवला की घाम फुटतो. लग्नानंतर चार वर्षं त्याला शिकवून पाहिलं आणि पाचव्या वर्षी मीच लायसन्स काढलं. माझं माहेर दरेकशाकडचं, डोंगरातलं. भावाचा ट्रॅक्टर मी बारावीत असतानाच नाल्यातून काढत होते. तेव्हा सेकंडहँड पिकअप घेतली ती माझ्या हिमतीवर आणि नवऱ्याच्या धाकधुकीवर.

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरायचे आणि हिवाळा लागला की शिंगाडे काढायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. तलाव कोणी बांधला याचा कागद नाही, पण कोहळी लोकांनी बांधला हे शेंबडं पोरही सांगेल, आणि मामाजी त्याच कोहळी घराण्यातले. तलावाला मातीची पाळ आहे, जवळजवळ किलोमीटरभर लांब. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सगळ्या गावाचं धान. शिंगाडे निघतात ते पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे पाणी उथळ आहे. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत यायला पाळीशिवाय वाट नाही. पूर्वी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन पाळ चालायच्या. माझी गाडी आल्यापासून आमच्या बारा घरांचा माल गाडीतून सकाळीच गोंदियाच्या बाजाराला जाऊ लागला. शिंगाडा एक दिवस शिळा झाला की काळा पडतो आणि काळ्या शिंगाड्याला कोणी हात लावत नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी जुन्याच टायरांवर चालली. ते इतके गुळगुळीत होते की मामाजींनी हात फिरवून एवढंच म्हटलं, "सूनबाई, हे टायर नाही, डोक्शाले लावाचं तेल आहे." थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी दव असं पडतं की गवतातून चाललं तर पोटऱ्या भिजतात. त्यात शिंगाड्याच्या पोत्यांतून गळणारं पाणी. एका सकाळी भरलेली गाडी पाळीवर मागून सरकली आणि तिरपी होऊन तलावाकडे तोंड करून थांबली. दाराबाहेर पाहिलं तर खाली सरळ पाणी. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की भीती पोटात नाही, पायांत असते. क्लचवरचा पाय उचलायला मला दोन्ही हात लावावे लागले.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या हिवाळ्याआधी टायर घ्यायचे आणि असे घ्यायचे की गाडी चिखलात, दगडात, कुठेही हलता कामा नये. दिवाळीनंतर मी मामाजींकडे गेले. मला वाटलं होतं, ते भिंतीशी रचलेल्यातले चार काढतील आणि काम होईल.

पण त्यांची रीत निराळी होती. ते म्हणाले, "आधी रस्ता दाखव, मंग टायर माग."

"मामाजी, रस्ता तुमच्याच गावचा आहे. तुम्ही काय पाहिला नाही?"

"मी पायानं पाह्यला. तुया गाडीतून कोठी पाह्यला? घर नाही पाह्यलं, दार नाही पाह्यलं, अन् पोरगी देऊन टाकू काय?"

ही त्यांची जुनी सवय. गाडीत शेजारी बसायचं, गिऱ्हाईक रोज जातो त्या वाटेने एकदा जायचं, वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबवून खाली उतरायचं, चपला हातात घेऊन अनवाणी चालून पाहायचं आणि मगच टायर सांगायचा. दुधाच्या गाडीवाल्यासोबत ते असे तीन गावं फिरले होते. लाकडाच्या गाडीवाल्यासोबत सालेकशाच्या जंगलापर्यंत जाऊन आले होते आणि येताना त्याच्याच गाडीत मोहफुलांचं पोतं टाकून आणलं होतं. लोक हसायचे, पण पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. मला ते म्हणाले, मंगळवारी येतो. मंगळवारी त्यांचं दुकान बंद असे.

आमचे शिंगाडे निघणार होते त्याच्या आधीच्या रविवारी. आता चूक सांगते. मी थांबले नाही. म्हाताऱ्याचे चोचले, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? मी गोंदियाला गेले. तिथला दुकानदार हिंदीत बोलणारा, चटपटीत. त्याने एक टायर काढून माझ्यापुढे गरगर फिरवला. भलेमोठे ठोकळे, मधे बोट बुडेल अशा खाचा. "भाभीजी, ये डाल लो, गाड़ी पहाड़ चढ़ जाएगी." मला पहाड चढायचा नव्हता. पण तिरप्या झालेल्या गाडीतून दिसलेलं पाणी डोळ्यांपुढे होतं आणि ते ठोकळे पाहून पायांतली भीती कमी झाली. चारही चाकांना तेच टायर बसवून मी गावात आले. पोरं मागे पळत आली. नवरा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गाडी काऊन रागावल्यावानी दिसून राह्यली?"

टायर वाईट नव्हते, हे आजही सांगते. पाळीवर गाडी कधी सरकली नाही. दवात, चिखलात, भरलेल्या पोत्यांनिशी ती सरळ चालायची. मी आरशात मागे पाहत नसे. पुढे पाहायचीच हिंमत नुकती आली होती. मागे काय होत होतं ते मला तीन आठवड्यांनी दिसलं. ठोकळ्यांनी ओली पाळ दोन्ही बाजूंनी नांगरून काढली होती. दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, वीतभर खोल, टोकापासून टोकापर्यंत.

आणि डिसेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस आला. पाणी पाळीवरून इकडे-तिकडे वाहून जायचं ते चाकोऱ्यांत साचलं, चाकोरीतून धावलं आणि जिथे उतार सापडला तिथे धानाच्या बाजूने पाळ कापत उतरलं. सकाळी बैलगाडी जाईल एवढी माती खचलेली होती आणि खालून पाणी पाझरत होतं. सगळं गाव दिवसभर मातीची पोती टाकत होतं. मीही टाकत होते. पोती टाकून झाल्यावर तलाव समितीचे अध्यक्ष दशरथजी हात धुता धुता एवढंच म्हणाले, "पाळीवर आता गाडी नाही." दशरथजी कमी बोलणारे. पण त्यांचा शब्द गावात कोणी ओलांडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका पुन्हा डोक्यावर टोपल्या घेऊन पाळ चालू लागल्या. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, तरी त्या निघाल्या. माल डांबरीवर यायला दुपार व्हायची. बाजार उठलेला असायचा. बारा घरांचे शिंगाडे काळे पडू लागले आणि त्याला कारण मी. माझ्या मैत्रिणीसुद्धा "जाऊ दे वो, होते असं" म्हणायच्या आणि नजर चुकवायच्या. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी गाडी घेऊन मामाजींच्या दारात उभी राहिले.

ते नेहमीप्रमाणे चाकाशी बसले. तळवा ठेवला, फिरवला. मी दारातच उभी. आता बोलणी बसतील म्हणून जीव मुठीत धरून. त्यांनी दोन ठोकळ्यांच्या मधे नख घातलं, वाळलेल्या मातीचा एक तुकडा काढला, तळहातावर घेतला, बोटाने चुरला. पिवळसर, घट्ट माती. ती त्यांनी नाकाशी नेली.

"आमच्या आज्यायनं पायानं तुडवून तुडवून बसवली हे माती," ते म्हणाले. "बैल फिरवले, माणसं फिरवले. कितीक पावसाळे गेले, हालली नाही."

मला रडू कोसळलं. भर हायवेवर, ट्रकवाल्यांच्या देखत. मी म्हटलं, "मामाजी, टायरवाल्यानं फसवलं."

"कायले फसवलं? टायर नंबर एक आहे. तू बी चांगली चालवतेस. पण पाळीले विचारलं का कोणी? टायर घेताना लोक गाडीले पायते, स्वतःले पायते. ज्याच्या पाठीवरून रोज जाते त्याले कोणी पायत नाही." मग हातातली माती त्यांनी फेकली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली आणि निंबाकडे पाहत म्हणाले, "चाल, मंगळवार नसला तं काय झालं." आणि शटर ओढलं.

पाळीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. चपला काढून हातात घेतल्या. सकाळचे आठ वाजले असतील, दव तसंच होतं. ते अनवाणी निघाले. दर दहा पावलांवर टाच दाबायचे आणि मागे वळून टाचेचा खड्डा पाहायचे. पार टोकापर्यंत गेले, तिथे बांधावर बसून बिडी ओढली आणि ऊन वर आल्यावर तसेच टाच दाबत परत आले. मला जवळ बोलावून त्यांनी दोन खड्डे दाखवले. जातानाचा खड्डा बोटाच्या पेराएवढा होता. येतानाचा जवळजवळ नव्हताच. एवढ्या वर्षांत त्या पाळीवरून जाताना मला हे दिसलं नव्हतं. "सूर्य पाळीवर आला का तिची पाठ कडक होते," ते म्हणाले. "त्याच्या आंधी गेलीस तं टायर कोणताही लाव, खूण उठतेच."

त्यानंतर त्यांनी टायर सांगितले. तेही सगळीकडे चालणारेच, पण ठोकळे लहान आणि जवळजवळ, कडा गोलसर, आणि मधल्या खाचा अशा की चिखल धरून न ठेवता फेकून देतील. डांबरीवर पाणी असलं तरी धरतील आणि मातीवर गेले तर चावणार नाहीत. बाजूला कोरलेले चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची ही जन्मपत्रिका ते दर वेळी पाहायचे. एकदा एका गिऱ्हाइकाला त्यांनी चकचकीत कोरा टायर द्यायला नकार दिला होता, कारण तो कुठल्याशा गोदामात वर्षानुवर्षं पडून होता. "नवा नाही हा, घरी बसलेला म्हातारा आहे. थंडीत याचं रबर हाडावानी होते," म्हणाले होते.

माझे रागीट टायर त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. दरेकशाकडचा एक पिकअपवाला रोज दगडगोट्यांच्या नाल्यातून जायचा, त्याच्या गाडीला ते बसवले. "तुया माहेरी धाडले," मला म्हणाले. "तेथी ते सुखानं नांदतीन."

पण टायर बदलले म्हणून पाळ मोकळी होत नव्हती. त्यासाठी मामाजी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसले. दशरथजी समोर, आजूबाजूला गाव, आणि मी खांबाआड पदर घेऊन उभी. गाव सोडून हायवेवर गेलेला माणूस गावच्या पाळीबद्दल बोलायला आला, हे दोघा-चौघांना रुचलं नव्हतं. मामाजींनी शिंगाड्यांचं, बारा घरांचं काही काढलं नाही. खिशातली माती काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "एक हिवाळा द्या. या गाडीची खूण पाळीवर उठली तं तिले नका विचारू, मले विचारा."

दशरथजींनी ती माती चिमटीत घेऊन पाहिली. मग म्हणाले, "तुह्या शब्दावर सोडतो. तिच्या नाही."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला राग आला होता. दोन दिवस मी नवऱ्याशीसुद्धा धड बोलले नाही. नंतर मनातल्या मनात कबूल केलं की दशरथजींच्या जागी मी असते तर तेवढंही सोडलं नसतं.

त्या हिवाळ्यात मी मामाजींकडून जे शिकले ते कुठल्या लायसन्सच्या परीक्षेत विचारत नाहीत. सकाळी गाडी सुरू करण्याआधी हवा पाहायची, चालवून आल्यावर नाही. "थंडीत टायर सकाळी खरं बोलते. धावून आला का दोन पेले लावल्यावानी फुगून सांगते." पोती आधी तासभर बांबूच्या ताटीवर ठेवून निथळू द्यायची. एका खेपेचा माल दोन खेपांत न्यायचा. सूर्य पाळीवर येईपर्यंत चहा प्यायचा, कितीही घाई असली तरी. पाळीच्या तोंडाशी थांबून चारही चाकांची हवा थोडी काढायची, म्हणजे टायर पसरतो आणि भार वाटला जातो. आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरायची, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. यासाठी त्यांनी मला बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप आणि हवा मोजायचा स्वतःचा जुना गेज दिला. त्या गेजची काच तडकलेली होती, पण काटा इमानी होता.

आणि आठवड्यातून दोनदा तरी ते स्वतः यायचे. एसटीने फाट्यावर उतरायचे आणि माझी गाडी पाळीवरून पुढे गेली की चपला हातात घेऊन मागून चालत यायचे. वाकायचे, तळवा ठेवायचे, पुढे जायचे. मी आरशात पाहायची. एक म्हातारा माणूस माझ्यासाठी जामीन राहिला आहे आणि थंडीत अनवाणी चालतो आहे, हे आरशात पाहिल्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा. बाजाराला आम्ही पूर्वीपेक्षा उशिरा पोचायचो, पण पोचायचो. शिंगाडे काळे पडले नाहीत. त्या वर्षी पाळीवर खूण उठली नाही. पुढच्या वर्षीही नाही. पण दशरथजी भेटले की विचारायचे, "टायरबुवा येऊन गेला का?" मला काही विचारायचे नाहीत.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मामाजींचा दमा वाढला. थंडी त्यांना सोसेना. त्यांचं एसटीने येणं बंद झालं आणि फोन सुरू झाले. बरोबर सातला घंटी वाजायची. मी फोन उचलला की रामराम नाही, कशी आहेस नाही. "हवा पाह्यली?" मी सांगायची, पाहिली. "किती?" मी आकडा सांगायची. मग खोकल्याची एक लांब उबळ, आणि "सूर्य?" मी म्हणायची, "अजून नाही आला, मामाजी. चहा पिऊन राहिली." मग ते समाधानाने फोन ठेवायचे. नवरा म्हणायचा, लग्नाच्या बायकोची नसेल एवढी चौकशी या टायरांची होते.

पौषात एका सकाळी सातला फोन वाजला नाही. मला वाटलं, झोपले असतील. ऊन आल्यावर गाडी पाळीपलीकडे नेऊन भरायला सुरुवात केली आणि नवरा पाळीवरून धावत येताना दिसला. तो धावतो असं मी क्वचितच पाहिलं आहे.

मामाजींनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर मला गावी न्या. आमच्या गावची स्मशानभूमी तलावापलीकडे, पाळीच्या त्या टोकाला आहे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांना गावात आणलं. तिरडी खांद्यावरून जाणार होती, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न लाकडांचा होता. त्या दोन दिवसांत दव इतकं पडलं होतं की पाळ पाण्यात भिजवून काढल्यासारखी दिसत होती. लाकडं ओली होऊन चालणार नव्हतं, बैलजोडी कोणाची जवळ नव्हती, आणि माझी पिकअप लाकडं भरून पाळीच्या तोंडाशी उभी होती. सगळे दशरथजींकडे पाहू लागले. ज्याच्या शब्दावर गाडी पाळीवर जात होती तो माणूस तिरडीवर होता.

बायका तिथे पुढे होऊन बोलत नाहीत, पण मी बोलले. म्हटलं, "थोडं थांबा. सूर्य पाळीवर येऊ द्या."

कोणीतरी मागून कुजबुजलं की मयत ठेवून थांबायचं म्हणजे काय. पण दशरथजी मुकाट्याने खाली बसले. ते बसले म्हणून सगळे बसले. शंभरेक माणसं, एक तिरडी आणि एक पिकअप, पाळीच्या तोंडाशी, दव सुकायची वाट पाहत. मामाजी असते तर त्यांनी बिडी पेटवली असती. हळूहळू पलीकडच्या पळसांवर ऊन आलं, मग पाण्यावर, मग पाळीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथून सरकत सरकत आमच्या पायांपर्यंत. मी चाकांशी बसले आणि एकेका टायरची हवा काढली. त्या शांततेत तो फुस्स आवाज सगळ्या गावाने ऐकला.

पुढे तिरडी गेली. मागे, माणसाच्या चालीने, मी गाडी नेली. स्मशानात उतरले नाही. पाळीच्या टोकाशी माणसांनी लाकडं उतरवून घेतली आणि मी तशीच परत आले. डांबरीच्या तोंडाशी थांबून पंप लावला आणि मांडीवर त्यांचा तडकलेल्या काचेचा गेज घेऊन बसले. पलीकडे धूर दिसू लागला. तेव्हा मात्र मी पदर तोंडात घालून रडले. सासरी आल्यापासून माझं काम, मी बाई आहे की गडी हे मधे न आणता, नुसतं काम म्हणून पाहणारा तो एकच माणूस होता.

माणसं परतू लागली. सगळ्यांत शेवटी दशरथजी येताना दिसले. चपला त्यांच्या हातात होत्या. दर दहा पावलांवर ते थांबत होते, वाकत होते, पाळीवर तळवा ठेवत होते आणि पुढे चालत होते. या वयात त्यांना वाकायला जमत नव्हतं, गुडघ्यावर हात टेकून उठावं लागत होतं, पण एकही ठिकाण त्यांनी सोडलं नाही. मी उठून उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला. बारा घरांचे शिंगाडे त्या तळव्याखाली होते.

ते जवळ आले. हात धोतराला पुसला. चपला खाली टाकून पायांत घातल्या. माझ्याकडे सरळ पाहत, मला, पहिल्यांदाच मला, विचारलं, "सूनबाई, उद्या माल केव्हा भरशीन?"

मी म्हटलं, "सूर्य पाळीवर आला की."